ठेंगूचं हसू

९ जानेवारी

आत्या,

पत्र बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही, मीही धडधाकट आहे. फक्त डॉक्टरांनी मला बोलायची बंदी केली आहे, आणि तुला फोनवर टकटक करून निरोप लिहिणं जमत नाही. माणसाशी बोलायचं तर तोंडाने बोलावं नाहीतर कागदावर, असं तूच म्हणतेस. तोंड बंद झालं, म्हणून कागद.

झालं असं. गेल्या महिन्यात एका व्हिडिओ गेमला आवाज द्यायचं काम होतं. त्यात मी तलवार चालवणारी राणी. संवाद मोजके, पण मरायचं खूप. खेळणारा हरला की राणी मरते, आणि दर वेळी वेगळ्या तऱ्हेने. कधी कड्यावरून पडून, कधी बुडून, कधी जळून. प्रत्येक मरणाची किंकाळी वेगळी द्यावी लागते. आमच्या धंद्यात साधा नियम आहे, आधी बोलणं, मग ओरडणं, कारण ओरडून झालं की त्या दिवसापुरता घसा कामातून जातो. पण तिथला पोरसवदा डायरेक्टर म्हणाला, "मॅडम, आधी मरून घेऊ या का? दुपारनंतर ही खोली दुसऱ्यांना दिलीये." नाही म्हणायला हवं होतं. पण या वयात नाही म्हटलं की लगेच म्हणतात, बाईंना आता झेपत नाही. म्हणून सकाळभर मरत राहिले, आणि दुपारी संवाद म्हणायला उभी राहिले तर आवाजाच्या जागी नुसता वारा.

डॉक्टरांनी नाकातून नळी घालून बघितलं. आत छोटी गाठ होती, रक्त साकळलेलं. ती काढली. हो, ऑपरेशन झालंसुद्धा. आधी कळवलं असतं तर तू दुखऱ्या गुडघ्यांनिशी गाडीत बसून आली असतीस. आता काही आठवडे मौन. कुजबुजायचंही नाही, कुजबुजण्याने म्हणे जास्त ताण येतो. गळ्यात पाटी अडकवून फिरते. मी बोलत नाही म्हणजे मला ऐकूही येत नाही असं धरून कोपऱ्यावरचा दुकानदार माझ्या कानात ओरडतो, आणि मला त्याला ओरडू नका असं ओरडून सांगता येत नाही.

काळजी करू नकोस. ठेंगूचे नवे भाग मार्चच्या शेवटी रेकॉर्ड करायचे आहेत, तोवर मी ठणठणीत होईन. एकोणीस वर्षं त्या कार्टूनमधल्या कार्ट्याला माझ्याशिवाय कोणी आवाज दिलेला नाही. तो अजून नऊ वर्षांचाच आहे, वय वाढलं ते माझं.

तुझी,
थोरली


१७ जानेवारी

थोरले,

पाकिटावरचं तुझं अक्षर बघून उभ्या उभ्याच पाकीट फोडलं. वाचून झाल्यावर राग आला. ऑपरेशन होऊन गेल्यावर कळवतेस? मी काय शेजारीण आहे? तुझी आई गेल्यावर तुझ्या बापाने, म्हणजे माझ्याच भावाने, तुला चार वर्षांची आणून माझ्या दारात उभी केली. तेव्हापासून तुझे कान, तुझे दात, तुझी गालगुंडं, सगळं मीच निस्तरलं. घसा तेवढा परका झाला होय?

असो. डॉक्टर सांगतील तसं वाग. गप्प बसणं तुला जड जाणार हे मला ठाऊक आहे. रात्री अंथरुणात पडल्यावर तुम्हा दोघांचं जे सुरू व्हायचं, ते मी तिसऱ्यांदा ओरडल्याशिवाय थांबायचं नाही. थोरली म्हणून तू तरी गप्प व्हायचीस, धाकटा पांघरुणात तोंड खुपसून हसतच राहायचा. पोटच्या पोराला मी रोज हसण्यावरून रागावले. पुढे दहावं लागायच्या आत तापाने त्याला नेलं, तेव्हा मला तेवढं रागावणंच आठवत राहिलं.

माझं ठीक चाललंय. संध्याकाळी पाचला ठेंगू लागतो. समोरच्या घरातली चिमुरडी बघायला येते. तिच्या आईला वाटतं मी तिला सांभाळते. खरं तर ती आहे म्हणून मला म्हातारपणी कार्टून बघायला सबब मिळते. जुनेच भाग फिरवून फिरवून लावतात, हसायच्या जागा मला पाठ झाल्यात. काल तो पिंपात अडकला आणि अडकल्या अडकल्या हसला. तेवढं ऐकलं की माझा दिवस सरतो.

एक विचारते. नव्या भागांत तूच असशील ना? तुझं काम जाऊ नये एवढ्यासाठीच विचारते.

आत्या


४ फेब्रुवारी

आत्या,

रागावून झालं असेल तर पुढे वाच. तब्येत बरी आहे. डॉक्टरांनी मौन आणखी थोडं लांबवलंय, एवढंच.

परवा आमची डायरेक्टर बाई घरी आली होती. ठेंगूच्या पहिल्या भागापासून ती काचेपलीकडे बसते आणि मी काचेअलीकडे. ती म्हणाली, "नवे भाग थांबवता येत नाहीत. तू बरी होईपर्यंत कोणीतरी लागेल. निवड तूच कर. तुझ्याइतका तो दुसऱ्या कोणाला कळणार?" पाच आवाजांचे नमुने देऊन गेली. नावं नाहीत, नुसते आकडे. नाव कळलं की माणूस ओळखीपाळखीला जातो, म्हणून आमच्याकडे असंच करतात. प्रसंग पाचही जणींना एकच: ठेंगूच्या हातून आईची कपबशी फुटते, तो आधी रडतो आणि मग त्याला हसू आवरत नाही.

पहिली गोड आहे, इतकी गोड की मुंग्या लागतील. दुसरी कच्ची आहे, शब्द खाते, पण कपबशी खरंच फुटली असं वाटतं. तिसरी शाळेत धडा वाचतेय. पाचवी बाई नसून बाप्या असावा असा मला दाट संशय आहे.

चौथीचं काय सांगू. सफाई अशी की बोट ठेवायला जागा नाही. श्वास कुठे घ्यायचा, कुठे अडखळायचं, सगळं तिने माझंच उचललंय, हसणंसुद्धा. नक्कल करणारीने थोडी तरी लाज बाळगावी. आणि एवढं करून आत कोणी नाही. पोरगा नव्हेच, पोराचं सोंग घेतलेली दमलेली बाई. वरच्या पट्टीत जाताना तर ओल्या फरशीवरून चालल्यासारखी जपून जाते. मी तिच्या आकड्यापुढे लिहून दिलं, "हिला घेऊ नका. हिचा ठेंगू म्हातारा झालाय." दहापैकी दोन दिले, तेही सफाईचे. खूप दिवसांनी मनसोक्त बोलल्यासारखं वाटलं.

दुसरीची शिफारस केली आहे. हसणं तिला अजिबात जमत नाही, पण काही दिवसांचाच प्रश्न आहे, मी येतेच आहे परत.

थोरली


१२ फेब्रुवारी

थोरले,

त्या चौथीला फार टाकून बोललीस. दहापैकी दोन? माझ्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांनीही मला कधी दोन दिले नाहीत, आणि मला तर पाढे येत नव्हते.

तिचं वय झालं असेल तर ते तिला कोणी सांगितलं नसेल. एकटं राहणाऱ्या माणसाचं असंच होतं. आरशात रोज बघितलं तरी म्हातारपण दिसत नाही, ते दुसऱ्याने सांगावं लागतं. तिचंही कोणीतरी कुठेतरी पाच वाजायची वाट बघत बसलं असेल. तुझं तोंड बंद केलं तर तुझं विष लेखणीत उतरलं.

आणि मला विचारशील तर तिलाच घ्या. बाकीच्यांचं काही का असेना, हसणं हुबेहूब तुझ्यासारखं आहे असं तूच लिहितेस. मग आणखी काय हवं? तू येईपर्यंत तरी तीच बरी. मला कामातलं काही कळत नाही, पण ठेंगू म्हणजे त्याचं हसणंच, नाही का?

थंडी पडली आहे, गळ्याला काहीतरी गुंडाळत जा.

आत्या


२८ फेब्रुवारी

आत्या,

चौथी मीच होते.

कसं कळलं ते सांगते. डॉक्टरांनी दिवसाला चार-दोन वाक्यं बोलायला परवानगी दिली म्हणून परवा स्टुडिओत गेले. वाक्यं वाचवून ठेवायची म्हणून पाटीवर लिहिलं, "चौथी कोण हो? तिला सांगा माझी नक्कल सोडून दे." रेकॉर्डिस्टकाकांनी पाटी वाचली आणि डायरेक्टर बाईकडे बघितलं. ती चहाच्या कपात बघत राहिली. शेवटी काकांनीच संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. त्याच कपबशीचा मागच्या वर्षीचा भाग, माझंच रेकॉर्डिंग, संगीत काढून टाकलेलं. नवे आवाज जोखताना मापाला म्हणून जुना एक मध्ये घालतात. हीसुद्धा आमची नेहमीचीच पद्धत, मला ठाऊक असलेली. मी तो ओळखणार नाही असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. माझ्या डोक्यात ठेंगू बोलतो तो वीस वर्षांपूर्वीच्या आवाजात, आणि तोच माझ्या तोंडून बाहेर येतो अशी माझी समजूत होती.

मागच्या वर्षीचा, आत्या. गाठीच्या आधीचा, राणीच्या आधीचा. त्या पोरसवदा डायरेक्टरला मी इतके दिवस उगाच शिव्या घातल्या. ठेंगू तेव्हाच गेला होता, आणि त्याच्या जागी बसून मी कपबशा फोडत होते. बाई म्हणाली, "आम्हाला कळत होतं गं. पण तुला सांगायचं कोणी?" तुझं पत्र माझ्या पर्समध्येच होतं. ते दुसऱ्याने सांगावं लागतं असं त्यात लिहिलेलं.

तुझ्यापासून एक लपवलं होतं. वरचा आवाज परत येईलच असं नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आता आवाज आलाय. खाली गेलेला, जाड, खरखरीत. बाथरूमचं दार लावून ठेंगूला बोलावून बघितलं. आला नाही.

काम दुसरीला दिलंय, काही दिवसांपुरतं नव्हे, कायमचं. कालपरवा कॉलेज संपवून आलेली पोरगी आहे. वीस मार्चला मी तिला शिकवायला बसायचं आहे. कुठल्या शब्दावर अडखळायचं, रडताना नाक कधी ओढायचं, सगळं द्यायला माझी ना नाही. हसण्याचं मात्र तुला विचारते, कारण ते माझं नव्हे.

आपण हे कधी बोललो नाही, पण तुला माहीत आहे. सगळे श्वास सोडत हसतात, धाकटा श्वास आत ओढून हसायचा, उचकी लागल्यासारखा. पहिल्या दिवशी माइकसमोर मला काही केल्या पोराचं हसू सापडेना, तेव्हा पांघरुणातला तो आठवला. पहिला भाग लागला त्या संध्याकाळी तुझा फोन आला. "चांगलं झालंय" एवढंच म्हणालीस आणि ठेवलास. तेव्हाच मला कळलं की तुला कळलंय. तुझ्या पोराचं हसू मी न विचारता उचललं आणि त्यावर एकोणीस वर्षं नाव कमावलं. आता परक्याच्या हाती द्यायच्या आधी तरी विचारावं.

दिलं तर तो रोज पाचला हसत राहील. पोरगी तरुण आहे, आणखी वीस वर्षं सहज जातील. नाही दिलं तर तो जुन्या भागांपुरताच उरेल, आणि ते लवकरच बंद करणार आहेत. नवे आले की जुने काढून टाकतात. देऊ का?

थोरली


९ मार्च

थोरले,

नको देऊस.

आठ दिवस मी "दे" असंच लिहीत होते. दोन कागद लिहून फाडले. मला तो हवा आहे गं. पहिल्यांदा ऐकला त्या रात्री मी तुझ्यावर चिडले होते. माझ्या पोराला बाजारात उभं केलंस असं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी पाचच्या आधीच खुर्ची ओढून बसले. तेव्हापासून कुठल्या लग्नाला गेले नाही की कुठे मुक्कामाला राहिले नाही, पाच चुकतील म्हणून. लोकांना वाटतं गुडघ्यांमुळे.

पण तुझं पत्र पुन्हा वाचलं. चौथीच्या आत कोणी नाही, हे तू डोळे मिटून ओळखलंस, आणि ती तर तूच होतीस. तुझ्या घशातून यायचं तोवर ते घरातलंच होतं. तुम्ही दोघं एका पांघरुणात होतात. ही पोरगी तिथे नव्हती. ती गुणी असेल, शिकवलंस तर ते हसणं तिला येईलही. धाकटा काही त्यात येणार नाही. मग रोज पाचला मी काय ऐकणार? आत कोणी नसलेलं नुसतं माप.

आणि ती विचारणार, हे कुठून आणलं. मग तू सांगणार, मग ती आणखी चौघींना सांगणार. त्याच्याबद्दल कोणी हळहळत बोललेलं मला सोसवत नाही. तेव्हाही सोसलं नव्हतं.

तिला तिचं काय ते हसू दे. माझं मी बघीन.

आत्या

ता. क. चौथीबद्दल जे लिहिलं ते तुला म्हणून लिहिलं नव्हतं. तुला म्हणून लिहायचं असतं तर धीर झाला नसता.


२४ मार्च

आत्या,

तू सांगितलंस तसं केलं.

पोरगी लहानपणापासून ठेंगू बघत आलेली. चप्पल बाहेर काढून आत आली, माझ्या पाया पडायचं की नाही ते तिला ठरवता येईना, तेव्हा मीच खुर्ची दाखवली. माझा आवाज ऐकून तिचा चेहरा पडला. तिला वाटलं होतं मी ठेंगूसारखं बोलेन. दिवसभर बसलो. हुशार आहे, एकदा सांगितलं की पुरतं.

मग त्या कपबशीवर आलो. ती म्हणाली, "ताई, ते हसणं तुम्ही कसं काढता? मी आठ वर्षांची असल्यापासून करून बघतेय. श्वास आत घेता ना?" आणि करून दाखवलं. आत्या, फार जवळ पोचली होती. मी जिभेची जागा जराशी बदलून दाखवली असती तर तिथल्या तिथे आलं असतं. मी म्हटलं, "ते माझं नव्हतंच. मशीनवर करायचे." ती काकांकडे बघायला लागली. काका म्हातारे आहेत, त्यांना काय कळलं कुणास ठाऊक, पण त्यांनी मान डोलावली. "हो, मशीनवर," म्हणाले.

पोरगी रडकुंडीला आली. "मग मी कशी हसू?"

मी विचारलं, तुमच्या घरी कपबशी फुटल्यावर कोण हसायचं? तिने समोरचा कागद उलटा ठेवला. मग नाकातून फुरफुरली, हसू दाबता दाबता सुटल्यासारखी. ठेंगूचं नव्हतं, पण कोणाचं तरी होतं. कोणाचं ते मी विचारलं नाही. बाईने काचेपलीकडून हात वर केला, म्हणजे घेतलं.

मी बाहेर येऊन जिन्यावर बसले. मला वाटलं होतं रडू येईल. नुसतंच रिकामं वाटलं, घर बदलताना सामान गेल्यावर खोलीत वाटतं तसं.

माझं म्हणशील तर एका गेममध्ये काम मिळालंय. भूमिका: झाड. जुनं, बोलणारं. तीन वाक्यं आहेत आणि किंकाळी एकही नाही, झाडं मुकाट्याने मरतात. माझा आवाज त्यांना फार आवडला म्हणे. मला तो अजून आवडत नाही. दुकानात मी बोलले की दुकानदार दचकतो, त्याला पाटीच बरी वाटायची.

आता बोलायला मोकळीक आहे. तुला दोनदा फोन लावला आणि घंटी जायच्या आत ठेवला. तू "कोण बोलतंय" म्हणाली असतीस तर मला सोसलं नसतं, म्हणून पुन्हा कागदच घेतला.

थोरली


१४ एप्रिल

थोरले,

काल नवा ठेंगू लागला.

चिमुरडी शेजारी बसली होती. हसायची जागा जवळ आली तशी मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले. ती तुझी पोरगी नाकातून फुरफुरली, आणि चिमुरडी खो खो हसत सुटली. मी विचारलं, "आवाज बदललाय का गं?" तिने विचारलं, "कोणाचा?" मला तिचा असा राग आला, सहा वर्षांच्या पोरीचा. सबंध भाग संपेपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. ती घरी जाताना मला टाटा करून गेली.

मग रडले. धाकटा गेला तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, आणि तू दाराआड उभी राहून माझ्याकडे बघत होतीस. तुझ्यासमोर रडायचं नाही असं ठरवलं, ते राहूनच गेलं. मग तू त्याला परत आणलंस, आणि रडायचं कारणच उरलं नाही. काल सगळं रडून घेतलं. तो गेला, थोरले. आता गेला.

त्यानंतर बसल्या बसल्या एक ध्यानात आलं, आणि ते तुला सांगितल्याशिवाय मला झोप लागायची नाही. एकोणीस वर्षं मी ठेंगू बघितला, पण त्याची गोष्ट मला काल पहिल्यांदा कळली. त्याची आई रात्रपाळीला जाते आणि तो घरात एकटा असतो, म्हणून सगळे उद्योग करतो, हे मला माहीत नव्हतं. मी फक्त हसायच्या जागेची वाट बघायची. तुझंही तेच केलं. तू फोन करायचीस, तुझी कामं, तुझी भांडणं, राहतं घर सोडलंस ते, सगळं सांगायचीस, आणि मी हूं हूं करत वाट बघायची की तू कधी हसशील. हसलीस की त्यात चुकून तो यायचा. तुला हे माहीत होतं. दर वेळी फोन ठेवायच्या आधी कसला तरी फालतू विनोद करून तू हसायचीस, तो विनोद तुलाही आवडलेला नसायचा. ते माझ्यासाठी होतं हे मला काल कळलं. चार वर्षांची होतीस तेव्हापासून मी तुला सांभाळलं असं मी सगळ्यांना सांगते. गेली एकोणीस वर्षं कोणी कोणाला सांभाळलं ते देव जाणे.

फोन कर. रविवारी कर, नाहीतर उद्याच कर, पाचला केलास तरी चालेल. घंटी पूर्ण जाऊ दे, मला उठायला वेळ लागतो. हसायचं नाही. आणि मी "कोण बोलतंय" असं विचारणारच, तेव्हा घाबरून ठेवू नकोस. तुझा आवाज कसा आहे ते मला खरंच माहीत नाही. विचारलं की थोरली म्हणून सांग, आणि मग बोलत राहा.

आत्या